टीव्हीवर सासू-सून यायच्या शंभर वर्षं आधी हरिभाऊंनी सुनेला बोलतं केलं होतं

चैत्र लागला की खानदेशातून पायी निघालेल्या लोकांचे जथे वणीच्या दिशेनं चालायला लागतात. कुणी धुळ्याहून येतं, कुणी अमळनेरहून, कुणी पारोळ्याहून. डोक्यावर चैत्रातलं ऊन, पायाखाली तापलेला रस्ता आणि डोळ्यासमोर सप्तशृंगीचा गड. गडावरची देवी अठरा हातांची आहे. महिषासुराला मारणारी, कुणाच्या परवानगीची वाट न बघणारी.

आता याच वणीत संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही घरात डोकावून बघा. टीव्ही लागलेला असतो आणि पडद्यावर एक वेगळीच बाई असते. तिला दोनच हात असतात आणि तेही बहुतेक वेळा जोडलेले. चूक दुसऱ्याची असते, माफी ती मागते. तिच्यासमोर दुसरी एक बाई उभी असते, भुवई उंचावून पुढचं कारस्थान शिजवणारी. एक सगळं सोसते, दुसरी सगळं बिघडवते. या दोघींच्या मधली, म्हणजे कधी चिडणारी, कधी चुकणारी, कधी स्वतःपुरतं काहीतरी मागणारी साधी बाई मालिकेत फार कमी वेळा दिसते.

हप्त्याहप्त्यानं चालणाऱ्या गोष्टीत बाई अशीच लिहावी लागते का?

या प्रश्नाचं उत्तर मराठीत एका माणसानं १८९० सालीच देऊन ठेवलंय. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता, सिनेमाही नव्हता. माणूस त्याच खानदेशातल्या पारोळ्यात जन्मलेला. नाव हरी नारायण आपटे. सगळा महाराष्ट्र त्यांना हरिभाऊ म्हणायचा.

गणितानं घात केला

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा. आई लहानपणीच गेली. पुढं मुंबई आणि मग पुणे असा प्रवास झाला. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईत वकिली करायचे. याच महादेवरावांनी १८८८ मध्ये संस्कृत पोथ्या जमवून छापणारी आनंदाश्रम ही संस्था काढली. अप्पा बळवंत चौकाजवळ ती आजही उभी आहे.

हरिभाऊ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले, तेव्हा तिथं चिपळूणकर, टिळक, आगरकर अशी माणसं शिकवत होती. पोराला वाचनाचा भयंकर नाद. संस्कृत नाटकं, स्कॉट, डिकन्स, रेनॉल्ड्स असं हाताला लागेल ते वाचायचं. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतर केलं, तर या विद्यार्थ्यानं आपल्याच गुरुजींच्या पुस्तकावर लांबलचक टीका लिहून काढली.

एवढा हुशार मुलगा, पण कॉलेजात गेल्यावर गणितानं घात केला. पदवी काही मिळाली नाही. त्या काळात पदवी म्हणजे सरकारी नोकरी, आणि सरकारी नोकरी म्हणजे आयुष्याचं कल्याण. हरिभाऊंच्या हाती उरली ती लेखणी.

१८८५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी पुणे वैभव नावाच्या पत्रातून हप्त्याहप्त्यानं यायला लागली. नाव होतं मधली स्थिती. इंग्रजी राज्यात शिकलेला, जुनं सुटलेला आणि नवं नीट न धरलेला पुण्यातला मध्यमवर्ग तिच्यात होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी हरिभाऊंना आपलं गिऱ्हाईक सापडलं होतं: राजवाडा नाही, शेजारचा वाडा.

त्याआधीच्या कादंबरीतल्या बायका

मराठी कादंबरीची सुरुवातच खरं तर एका बाईपासून झाली. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये यमुनापर्यटन लिहिलं. विषय होता विधवांचे हाल. पण पुढच्या तीसेक वर्षांत कादंबरी भलतीकडेच गेली. मुक्तामाला, मंजुघोषा या नावांवरूनच अंदाज येतो. रूपवान नायिका, शूर नायक, कपटी खलपुरुष, वियोग, चमत्कार आणि शेवटी मीलन. नायिकेचं काम सुंदर दिसायचं, संकटात सापडायचं आणि सुटका होईपर्यंत वाट बघायची.

पुस्तकातली बाई अशी परीकथेत होती आणि घरातली बाई माजघरात. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं होत होती. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण ब्राह्मण घरात नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं ही रीत चालूच होती. ती बाई तेरा-चौदा वर्षांची असली तरी. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका शंभरात एकसुद्धा नव्हत्या. त्यामुळं तिच्याबद्दल भाषणं पुरुष करायचे, लेख पुरुष लिहायचे, आणि ते खोडून काढणारेही पुरुषच असायचे.

याला तडे देणाऱ्या बायका होत्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुष तुलना लिहून पुरुषांना फैलावर घेतलं होतं. रखमाबाईंनी लहानपणी लावलेलं लग्न मानायला कोर्टात नकार दिला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. १८९० मध्येच मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये आला आणि त्यावरून पुणं अक्षरशः पेटलं.

या सगळ्या गदारोळात हरिभाऊंनी एक साप्ताहिक सुरू केलं.

करमणूक

१८९० मध्ये निघालेल्या या साप्ताहिकाचं नाव होतं करमणूक. नावातच सगळं आलं. घरातल्या कुणीही वाचावं, कुणी वाचून दाखवावं आणि बाकीच्यांनी ऐकावं असा अंक. गोष्टी, चरित्रं, माहिती, विनोद असं सगळं त्यात. आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला कादंबरीचा पुढचा भाग.

आजच्या मालिकेचं गणित इथं जसंच्या तसं दिसतं. सोप ऑपेरा हे नावच मुळी अमेरिकेतल्या रेडिओवरनं आलं. दुपारी घरी असणाऱ्या बायकांसाठी गोष्ट चालायची आणि खर्च साबणाच्या कंपन्या उचलायच्या. गोष्ट जितकी लांबेल तितका ऐकणारा बांधून राहायचा. हप्त्यानं छापणाऱ्या संपादकालाही तेच हवं असतं. पुढचा अंक विकत घ्यायला लावेल असं काहीतरी या अंकाच्या शेवटी पाहिजे.

हरिभाऊ लेखकही होते आणि संपादकही. एकीकडे सामाजिक कादंबरी, दुसरीकडे ऐतिहासिक कादंबरी, शिवाय अंकातला बाकीचा मजकूर. सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला त्यांनी आजकालच्या गोष्टी असं साधं नाव दिलं होतं. लिहिता लिहिता पसारा वाढायचा, पाल्हाळ व्हायचा. हा दोष टीकाकारांनी तेव्हाही काढला आणि पुढंही काढत राहिले. काही कादंबऱ्या तर अर्धवटच राहिल्या.

म्हणजे दर आठवड्याचा रेटा होता, पानं भरायची होती, वाचक टिकवायचा होता. मालिका लिहिणारे आज ज्या अडचणी सांगतात त्यातल्या बऱ्याचशा हरिभाऊंच्याही होत्या. आणि त्याच रेट्यात त्यांनी पण लक्षात कोण घेतो लिहिली.

यमू बोलायला लागली

या कादंबरीत हरिभाऊंनी एक गोष्ट केली जी वरवर साधी वाटते. गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नाही. ती यमूला सांगायला लावली.

यमू ही पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. ती स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात करते. तापट, कडक वडील. सोशीक आई. जीव लावणारा दादा. दुर्गी नावाची मैत्रीण. मग लहानपणीच लग्न आणि मोठं सासर. तिथं शंकरमामंजी आहेत. वरून धर्माचं सोवळं, आतून पक्के दुष्ट. मराठी वाचकाला इतका चीड आणणारा माणूस त्याआधी क्वचितच भेटला असेल.

यमूचा नवरा रघुनाथराव मात्र शिकलेला आणि भला आहे. नवराबायको मुंबईत वेगळं बिऱ्हाड करतात तेव्हा यमूला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो. वाचणं, शिकणं, नवऱ्याशी बरोबरीनं बोलणं हे सुख तिला कळतं. आणि मग नवरा मरतो. यमू पुण्याच्या वाड्यात परत येते आणि तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. शेवटी ती जगतही नाही.

नुसता सांगाडा पाहिला तर मालिकेच्या ट्रॅकसारखाच दिसेल. छळ आहे, खलनायक आहे, अश्रू आहेत. फरक आहे तो कॅमेरा कुठं ठेवलाय यात. मालिकेत सून रडते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून, मागे ढोल वाजत असतात. बघणारा तिच्याकडे बाहेरून बघतो आणि हळहळतो. यमूच्या गोष्टीत वाचक तिच्या डोळ्यांच्या मागे बसलेला असतो. वाडा तिला जसा दिसतो तसा त्याला दिसतो. लहान यमू आईचे हाल पाहते तेव्हा तिला सगळं कळतही नाही. जे कळत नाही ते वाचकाला कळतं आणि तिथंच त्याला टोचतं.

दुसरा फरक बोलण्याचा. यमू भाषण देत नाही. ती गप्पा मारल्यासारखी सांगते, मधेच आठवण काढते, फाटे फोडते, स्वतःला आवरते. माजघरातल्या बायका बोलतात तशी भाषा. विनोदबुद्धी तिला आहे, राग आहे, हौस आहे. कुणाबद्दल वाईट विचार मनात आले तर तेही ती लपवत नाही. त्यामुळं ती देवी होत नाही.

आणि तिसरा फरक म्हणजे तिला काहीतरी हवं असतं. वाचायचं असतं. मुंबईसारखं राहायचं असतं. तिच्याकडून काय हिरावून घेतलं गेलं हे वाचकाला कळतं, कारण तिला ते किती हवं होतं हे त्यानं पानोपानी पाहिलेलं असतं.

पुरुषाला हे कळलं कसं?

पंचविशीतल्या पुरुषानं बाईच्या मनातलं एवढं नेमकं कसं लिहिलं, हा प्रश्न पडतोच. एक उत्तर त्यांच्या वाढण्यात आहे. एकत्र कुटुंबातल्या वाड्यात ते वाढले. यमूच्या गोष्टीतलं स्वयंपाकघर, सोवळं-ओवळं, चिडवाचिडवी त्यांनी ऐकून-बघून घेतलेली होती.

दुसरं उत्तर म्हणजे काशीबाई कानिटकर. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री लेखकांपैकी एक मोठं नाव. लग्नानंतर शिकल्या, चोरून वाचत वाचत लेखिका झाल्या. रंगराव ही कादंबरी आणि पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचं चरित्र त्यांच्या नावावर आहे. हरिभाऊंची आणि कानिटकर दांपत्याची दाट मैत्री होती. काशीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालायचा, लिखाणावर चर्चा व्हायची आणि त्यांचं मत हरिभाऊंना मोलाचं वाटायचं. परक्या बाईशी बरोबरीनं साहित्यावर बोलणारा पुरुष त्या काळच्या पुण्यात विरळाच होता.

म्हणजे बाईबद्दल लिहायच्या आधी हरिभाऊंनी बाईचं ऐकलं होतं.

१८९३ मध्ये ही कादंबरी पुस्तकरूपानं आली. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाकडून बहिष्कार ओढवून घेतला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. एका कादंबरीनं हे घडवलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं, ती आतून कशी असते हे ज्या मध्यमवर्गापुढं आणायचं होतं, त्याच्यापुढं ते दर आठवड्याला येत होतं. हरिभाऊंना वाचक नुसता रडायला नको होता. त्याला लाज वाटायला हवी होती.

हरिभाऊंची मर्यादा

हरिभाऊंनी सगळं जमवलं असं नाही. त्यांची यमू पुण्याच्या ब्राह्मण वाड्यातली आहे. शेतात राबणारी, धुणीभांडी करणारी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन फिरणारी बाई त्यांच्या गोष्टीच्या मधोमध येत नाही. दुष्काळावरची त्यांची काळ तर मोठा कठीण आला ही कथा गरीब शेतकरी घरात शिरते, पण बहुतेक लिखाण वाड्यातच फिरतं.

दुसरं म्हणजे यमू मरते. विधवेचं दुसरं लग्न कायद्यानं होऊ शकत होतं, पण हरिभाऊंनी तिला त्या वाटेनं नेलं नाही. समाजाचं क्रौर्य दाखवायचं तर शेवट असाच हवा, हे एक कारण. पण यातून सोसून सोसून संपणारी बाई हा नमुनाही मराठी वाचकाच्या मनात घट्ट बसला. पुढच्या कितीतरी कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे आणि मालिका त्याच वाटेनं गेल्या. सोसणं घेतलं, सोसणारीचा आवाज मात्र मागं ठेवला.

हरिभाऊंना स्वतःलाही हे जाणवलं असावं. नंतरच्या मी या कादंबरीतली ताई नुसती सोसत बसत नाही. ती शिकते, नवऱ्याच्या जाचातून बाहेर पडते आणि बायकांसाठी काम करते. संत सखूवर त्यांनी नाटक लिहिलं, तिथंही पुन्हा सासुरवास आहे. घर हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

बाकी हरिभाऊंनी आयुष्यात बरंच काही केलं. उषःकाल, गड आला पण सिंह गेला, वज्राघात अशा ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्यांना घरोघरी नेलं. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चुलत्यांच्या मागं आनंदाश्रम सांभाळला. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं. करमणूक त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं चालवलं. ३ मार्च १९१९ रोजी ते गेले. पंचावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते.

मग टीव्हीवर काय झालं?

१९८४ मध्ये दूरदर्शनवर हम लोग सुरू झाली. सामान्य घर, सामान्य मुली, त्यांची लग्नं आणि नोकऱ्या. १९८५ मध्ये आलेली रजनी तर घराबाहेर पडून गॅस सिलिंडरपासून सगळ्यावर भांडायची. २००० नंतर हिंदीत सासू-सुनेचे भव्य बंगले आले. मराठीत चार दिवस सासूचे २००१ पासून २०१३ पर्यंत चालली.

रोजचा भाग आला तसा लिहिण्याचा कारखाना झाला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपी येतो आणि त्यावर पुढचा ट्रॅक ठरतो. नायिका सोसते तेव्हा आकडे चढले की तिला अजून सोसायला लावायचं. काल चांगली असलेली जाऊ आज अचानक विष कालवते, कारण कथेला तिची गरज असते. तिला स्वतःला काय हवंय, हे विचारायला वेळ नसतो.

तरी अधूनमधून यमू डोकं वर काढते. २०१२ च्या उंच माझा झोकामध्ये रमाबाई रानडे हरिभाऊंच्याच पुण्यात पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. २०१९ मध्ये अग्गंबाई सासूबाईमध्ये सुनेनं विधवा सासूचं लग्न लावलं. यमूच्या नशिबात जे १८९० मध्ये नव्हतं, ते आसावरीला १२९ वर्षांनी मिळालं. त्याच वर्षी सुरू झालेल्या आई कुठे काय करतेमधल्या अरुंधतीनं घटस्फोट घेतला, गाणं धरलं आणि स्वतःचं आयुष्य मांडलं. या मालिका घराघरात पाहिल्या गेल्या. म्हणजे बाईला काहीतरी हवं असलं तर प्रेक्षक टीव्ही बंद करतो, हे काही खरं नाही.

पण लक्षात कोण घेतो आजही दुकानात मिळते. भाषा थोडी जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होतं. पंधरावीस पानं गेली की यमू शेजारी येऊन बसते आणि सांगायला लागते. वणीतल्या एखाद्या घरात, सातची मालिका पाहणाऱ्या आजीला ती वाचून दाखवली, तर तिला तिच्या आजीच्या आठवणी नक्की निघतील. अशा आठवणी टीव्हीवर अजून कुणी लिहिलेल्या नाहीत.